बडोद्यात स्वतःचं घर विकायची शास्त्रशुद्ध पद्धत

घर आजोबांनी बांधलेलं, वेरो, म्हणजे घरपट्टी, तुम्ही भरता, सिटी सर्व्हेत नाव तुमचं. म्हणून ते तुम्हाला विकता येईल, असं वाटतंय? आधी हा गैरसमज विकून टाका. त्याला परवानगी लागत नाही.

जुन्या बडोद्याचा बराच भाग सरकारदप्तरी 'अशांत' आहे, म्हणजे ठराविक मुदतीसाठी तसा जाहीर केलेला; आमची गल्लीसुद्धा. इथे दुपारी एक ते चार कुत्रंही भुंकत नाही. तरी मुदत संपत आली की अशांतता वाढवून मिळते.

गिऱ्हाईक मिळालं तरी पेढे आणू नका. अशांत धारा, म्हणजे अशा विभागातल्या घरविक्रीवरचा गुजरातचा कायदा; त्यात कलेक्टरच्या परवानगीशिवाय विक्रीचा दस्तावेज होत नाही.

शेजाऱ्यांशी गोड बोला. परवानगीच्या चौकशीत त्यांचेही जबाब होतात.

स्वतःच्या जबाबाला जाताना चेहरा प्रसन्न ठेवा. मी घर विकतोय सख्ख्या चुलतभावाला. आडनाव एक, कुलदैवत एक. तरी साहेब विचारतात, "राजीखुशीने विकताय ना? कोणाचं दबाण?" दबाव आहे हो, तुमच्या टेबलाचा! ऐंशीच्या दशकातल्या दंगलींत घाबरलेली माणसं मातीमोलाने घरं विकून पळत होती, त्यांना वाचवायला 1986 मध्ये हा कायदा आला, 1991 मध्ये नव्याने झाला. तपासायच्या दोनच गोष्टी: विकणाऱ्याची मर्जी आणि वाजवी किंमत. हायकोर्टानेही हेच बजावलंय. मग शेजाऱ्याची हरकत मध्ये कुठून आली? घेणाऱ्याची जात-जमात कशाला हवी? त्यावर 2020 ची दुरुस्ती: विनापरवानगी विकलंत तर तीन ते पाच वर्षं कैद. घर माझं, कैदही मलाच!

आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिलेला नाही, हे काउंटरवर तावातावाने बोलण्याआधी लक्षात असू द्या.

झेरॉक्स जास्तीच्या काढून ठेवा.

बास झाला उपरोध. हा कायदा टिकलाय तो तुमच्यामुळे. 'त्यांना', म्हणजे दुसऱ्या धर्माच्या लोकांना, गल्लीत येऊ द्यायचं नाही म्हणून आपलाही विभाग अशांत जाहीर करा, अशा अर्जांवर सह्या कोणी केल्या? तुम्हीच. बाहेर चपला काढून, सोफ्यावर चहा पीत केल्यात. कोणाला घर विकावं हे ठरवायची सत्ता सरकारच्या हातात तुम्ही दिलीत, आणि ती फक्त दुसऱ्यावर चालेल असं गृहीत धरलंत. मुदतवाढीविरुद्ध एक ओळ लिहा म्हटलं तर "आपल्याला काय करायचंय" म्हणता. आणि स्वतःची फाइल अडकली की रात्री साडेदहाला मला फोन करता, "तिथे कोणी ओळखीचं आहे का हो?"

नाही. आणि असतं तरी सांगितलं नसतं.