लपायला जागा दिली तरच टॅरंट्युला दिसतो

पाळायला रंगीत टॅरंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, हवा आणि तो सतत डोळ्यांसमोरही हवा, असं म्हटलं की एक ठरावीक सल्ला हमखास पुढे येतो. सगळ्यात भडक रंगाची जात निवडा, लहान पिल्लू घ्या, पेटी मोठी आणि मोकळी ठेवा, लपायला काही देऊ नका, वर दिवा लावा, रोज पाणी फवारा. दडायला जागाच नसली की कोळी दिसणारच, असा त्यामागचा हिशेब. ऐकायला सरळ वाटतो, पण प्रत्येक पायरीवर चुकतो, आणि त्याची किंमत कोळी मोजतो.

"जितका रंग भडक, तितका कोळी दिसतो."

रंगाचा आणि समोर बसण्याचा काडीचाही संबंध नाही. कोबाल्ट ब्लू म्हणून विकला जाणारा सिरिओपॅगोपस लिव्हिडस फोटोत लखलखतो, पण तो पक्का बिळातला प्राणी. खोल माती द्या, तो खाली जाईल आणि महिनोन्‌महिने तुमच्या हाती फक्त बिळाचं तोंड उरेल. उथळ माती द्या, तर कोंडल्यासारखा होऊन कोणत्याही हालचालीवर पाय उगारेल. आंध्र प्रदेशातल्या गुत्तीच्या नावाने ओळखला जाणारा निळा पोसिलोथेरिया मेटॅलिका तर त्याहून देखणा, पण झाडाच्या ढोलीत राहणारा, उजेड टाळणारा आणि विजेसारखा पळणारा. इतर काही टॅरंट्युला बचावासाठी अंगावरून झाडतात तसे खाजरे केस त्याला नसतात, म्हणून बचावासाठी उरतो तो दंश, आणि त्याने स्नायूंना येणारे पेटके कित्येक दिवस छळतात. १८९९ मध्ये वर्णन झालेली ही जात २००८ पासून आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. २०१९ मध्ये पोसिलोथेरिया हा सगळा वंश वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्‌सच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाहायचा असतो तो कोळ्याचा राहण्याचा ढंग. जमिनीवर वावरणाऱ्या किंवा उघड्यावर भरपूर जाळं विणणाऱ्या जाती समोर बसतात. त्यात रंग हवा असेल तर पहिलं नाव ग्रीनबॉटल ब्लू, म्हणजे क्रोमॅटोपेल्मा सायनिओप्युबेसेन्स: पाय धातूसारखे निळे, पाठीची ढाल हिरवट-निळी, पोट नारिंगी. शांतपणाला प्राधान्य असेल तर लाल गुडघ्यांचा ब्राकीपेल्मा हॅमोराय. २०१७ पर्यंत यातले बरेच कोळी ब्राकीपेल्मा स्मिथाय या नावानेच विकले जात, त्यामुळे जुन्या माहितीत नावांचा गोंधळ सापडतो. त्याचाच भाऊबंद ब्राकीपेल्मा बोहेमी रंगाने अधिक पेटता, पण केस झाडण्यात तितकाच उदार. ब्राकीपेल्मा वंशही साइट्‌सच्या यादीत असल्याने घेताना कागदपत्रं मागायची. नारिंगी रंगाचा टेरिनोचिलस म्युरिनसही जाळं विणतो आणि दिसतो, हे खरं. पण तो दिसतो तो बहुतेकदा पुढचे पाय उगारून. पहिला कोळी म्हणून तो कुणी सुचवला तर विषय बदलावा.

"लपायला जागा देऊ नका."

सगळ्यात जास्त नुकसान करणारी सूचना हीच. आडोसा नसलेला टॅरंट्युला आरामात मधोमध बसत नाही. तो कोपऱ्यात पाय अंगाशी घट्ट ओढून दबतो, नाहीतर रात्रभर भिंती चढत राहतो. खाणं सोडतो, पोटावरचे केस झाडून टक्कल पाडून घेतो. याउलट, पळून जायची वाट मागे तयार आहे हे माहीत असलेला कोळी दारात येऊन बसतो. ग्रीनबॉटल ब्लूचं तर हे ठरलेलं: जाळ्याची नळी मागे, तिच्या तोंडापाशी पुढचे पाय पसरून मालक बाहेर.

म्हणून आडोसा द्यायचाच, फक्त नीट मांडायचा. कॉर्कच्या सालीचा अर्धगोल तुकडा घ्या, कोळी आत सहज वळेल इतका रुंद. त्याचं मागचं टोक मातीत दाबा, पुढचं तोंड थोडं तिरकं करून समोरच्या काचेकडे वळवा. ग्रीनबॉटल ब्लूसाठी त्यावर आणि बाजूला दोन-तीन वाळक्या फांद्या आडव्या-तिरक्या रोवा. त्या जाळ्याला खुंट्या म्हणून लागतात. खुंट्या नसल्या तर जाळं जमिनीला चिकटून राहतं आणि कोळी त्याच्याखाली जातो. जाळं एकदा बसलं की सजावट बदलायच्या मागे लागू नका. मोडलेलं जाळं म्हणजे पुन्हा काही आठवडे न दिसणारा कोळी.

"पेटी जितकी मोठी आणि उंच, तितकं चांगलं."

जमिनीवरच्या जातींना उंची घातक. त्यांचं पोट पातळ पिशवीसारखं असतं. वरून कडक वस्तूवर पडल्यास ते फुटतं आणि बहुतेकदा कोळी वाचत नाही. पाय पसरून १३ सेंमी भरणाऱ्या कोळ्याला साधारण ४० सेंमी लांब पेटी पुरते. मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे इथे २० सेंमीच्या आत. पेटी उंचच असेल तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वाढवून हे अंतर भरून काढा. ग्रीनबॉटल ब्लू जाळ्यावरून थोडा वर चढतो, त्याला ८ सेंमी कोकोपीटवर जरा जास्त जागा चालते. लाल गुडघ्यांच्या कोळ्याला मात्र १२ ते १५ सेंमी माती दाबून भरा.

झाकण धातूच्या जाळीचं असेल तर ते बदला. पायांच्या टोकाच्या नख्या जाळीत अडकतात आणि लोंबकळणारा कोळी पाय गमावतो. ॲक्रिलिकच्या पत्र्याला २-३ मिमीची भोकं पाडली की काम होतं. पिल्लांसाठी भोकं त्यांच्या पाठीच्या ढालीपेक्षा बारीक हवीत, नाहीतर सकाळी पेटी रिकामी.

"दिवा लावला की रंग खुलतो आणि कोळी बाहेर येतो."

अर्धं खरं, म्हणून जास्त फसवं. टॅरंट्युलाचा निळा हा रंगद्रव्याचा नसून केसांमधल्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या प्रकाशाचा असतो (२०१५ च्या एका अभ्यासानुसार हा निळा टॅरंट्युलांमध्ये किमान आठ वेळा स्वतंत्रपणे अवतरला). साहजिकच अंधाऱ्या खोलीत तो काळा दिसतो. पण कोळ्याला उजेड आवडत नाही. डोक्यावर सतत जळणारा दिवा त्याला आत ढकलतो आणि गरम दिवा पेटी सुकवतो. तापमान २२ ते २८ अंशांत असेल तर कुठलंही तापवणारं साधन लागत नाही. पेटीखाली ठेवलेली तापती चटई तर उलटीच पडते: उष्णता टाळायला कोळी खाली खणतो आणि थेट तिच्यावरच जाऊन बसतो. खोलीतला बेताचा उजेड ठेवा आणि रंग पाहायचा तेव्हा बाजूने मंद टॉर्च धरा. सूर्यास्तानंतरचे दोन-तीन तास सगळ्यात भरवशाचे.

"रोज फवारा, दमटपणा ८० टक्के हवा."

ग्रीनबॉटल ब्लू व्हेनेझुएलातल्या पाराग्वाना द्वीपकल्पावरच्या कोरड्या, काटेरी झुडपांच्या प्रदेशातला. ओली माती दिसली की तो भिंतीवर जाऊन बसतो, आणि लोक त्यालाच "बघा, दिसतोय" म्हणतात. त्याला कोरडी माती आणि सदैव भरलेली पाण्याची लहान वाटी पुरे. मोठ्या ब्राकीपेल्मालाही वाटीच पुरते. अधूनमधून ती वाहू देऊन एक कोपरा ओलसर केला की झालं. झाडावरच्या, लाल-हिरव्या-जांभळ्या कॅरिबेना व्हर्सिकलरचं गणित वेगळं: थोडा ओलावा चालतो, पण समोरासमोरच्या दोन भिंतींत हवेची भोकं हवीतच. कोंदट, दमट पेटीत ही जात पटकन दगावते.

"पिल्लू घ्या, स्वस्त पडतं आणि डोळ्यांसमोर वाढतं."

वाढतं खरं, पण डोळ्यांसमोर नाही. दोन सेंमीची बहुतेक पिल्लं मातीत किंवा जाळ्यात दडून राहतात आणि रंगही मोठ्यांचे नसतात. लाल गुडघ्यांचं पिल्लू फिकट तपकिरी असतं. कॅरिबेनाचं पिल्लू सुंदर निळं, पण कात टाकत मोठं होताना तो निळा जातो, हे विकणारा सांगेलच असं नाही. ग्रीनबॉटल ब्लूचं पिल्लू याला अपवाद: पोटावर वाघासारखे पट्टे आणि लहानपणापासून जाळं.

दिसणाराच हवा असेल तर ७-८ सेंमीची, लिंग ठरवलेली मादी घ्या. लिंग ठरतं ते टाकलेल्या कातीच्या आतल्या बाजूला शुक्रकोश (तो मादीलाच असतो) पाहून. नुसतं "मादी वाटते" म्हणणाऱ्याकडे कात मागा. लाल गुडघ्यांची मादी २० वर्षांहून जास्त जगते. आणि सतत फिरणारा, अजिबात न लपणारा मोठा कोळी कुणी दाखवला तर पुढचे पाय बघा: आतल्या बाजूला आकडे आणि तोंडाजवळच्या लहान पायांची टोकं बॉक्सिंगच्या हातमोज्यासारखी फुगलेली असतील तर तो प्रौढ नर. मादी शोधायला भटकतोय, आणि त्याचे बहुधा काही महिनेच उरलेत.

"दिसेनासा झाला म्हणजे आजारी; उकरून बघा."

उकरू नका. पोटावरचा टकला भाग काळपट पडला, खाणं थांबलं आणि बिळाचं तोंड जाळ्याने किंवा मातीने बंद झालं, की कात टाकण्याची तयारी चालू आहे. कोळी पाठीवर उलटा दिसला तरी हात लावू नका, कात तो तसाच टाकतो. या काळात जिवंत रातकिडा आत राहिला तर तोच मऊ कोळ्याला कुरतडतो, म्हणून न खाल्लेलं भक्ष्य २४ तासांत बाहेर काढा. काढताना २५-३० सेंमीचा चिमटा वापरा आणि तोंड पेटीवर नेऊ नका. ग्रीनबॉटल ब्लू आणि ब्राकीपेल्मा केस झाडतात, आणि ते डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावा लागतो. कात टाकल्यावर सुळे आधी पांढरे, मग लालसर, मग काळे होतात. काळे होईपर्यंत खायला देऊ नका. मोठ्या कोळ्याला साधारण दोन आठवडे लागतात. पाण्याची वाटी मात्र सगळा काळ भरलेली ठेवा. रंग सगळ्यात ताजा दिसतो तो याच आठवड्यांत, तेव्हा फोटो काढायचे तर काचेबाहेरून काढा.