दाजी, तुमचा फॉरवर्ड मिळाला

गेल्या आठवड्यापासून एक मजकूर ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला, पण सगळ्यात आधी आमच्या दाजींकडून, खाली हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे लावून. मजकूर असा: ‘आइस हॉकी, जगातला सर्वात बोगस खेळ. चेंडू दिसत नाही, खेळाडू मिनिटभर खेळतात आणि बसतात, अंपायर मारामारी बघत उभे राहतात. थंडीत कुडकुडणाऱ्या देशांनी वेळ घालवायला काढलेला प्रकार, आपल्या मातीशी संबंध शून्य. बघणाऱ्याचं डोकं तपासा. पटलं तर पुढे पाठवा.’

डोकं कुणाचं तपासायचं हे घरात सगळ्यांना कळलं. लातुरात राहून टोरांटो मेपल लीफ्ससाठी, म्हणजे कॅनडातल्या एका आइस हॉकी संघासाठी, जीव टाकणारा आमच्या भावकीत एकच आहे. शाळेत असताना एका पहाटे केबलवर निळ्या सदऱ्यावर पांढरं पान दिसलं, मला ते पिंपळाचं वाटलं, आणि तेव्हापासून हे चालू आहे. दाजींना उलट बोलायची आपल्यात पद्धत नाही. म्हणून मान राखून एकेक मुद्दा घेतो.

‘अंपायर मारामारी बघत उभे राहतात.’ राहतात. दोन गडी हातमोजे टाकून भिडले की पंच जरा लांब थांबतात आणि एक जण आडवा झाला की मधे घुसतात. पण मजकुरानं पुढचं गाळलंय. दोघांनाही पाच-पाच मिनिटं बाहेरच्या खोक्यात बसावं लागतं. भांडण उकरून काढणाऱ्याला वर जादा शिक्षा, हा नियम १९९२ पासूनचा. भिडण्याआधी स्वतःचं हेल्मेट काढलं तर त्याची दोन मिनिटं वेगळी. आता दाजी, आपल्याकडं बघा. बांध कोरला म्हणून सुरू झालेलं भांडण किती चालतं? ज्यानं कोरला तो गेला, ज्याचा कोरला तोही गेला, नातवंडं अजून डबा बांधून तारखेला जातात. तिथं पाच मिनिटं. खोक्यातनं बाहेर आला की विषय संपला. प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, मालिका सात मॅचपर्यंत लांबते. दोन आठवडे एकमेकांचे दात पाडून झाले की दोन्ही संघ रांग लावून प्रत्येकाशी हात मिळवतात. आमच्या दोन चुलत्यांनी एकमेकांच्या लेकरांच्या लग्नात अक्षता टाकल्या नाहीत. (डोक्याला मार बसून काही खेळाडू आयुष्यातून उठले, हेही खरं आहे. त्यावर मी विनोद करणार नाही.)

‘चेंडू दिसत नाही.’ पहिली गोष्ट, तो चेंडू नाहीच. तीन इंच रुंद, एक इंच जाड अशी रबराची चकती, उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवून ठेवलेली. तिला पक म्हणतात. लोकांना दिसत नाही असं अमेरिकेतल्या फॉक्स चॅनेललाही वाटलं होतं. त्यांनी १९९६ मध्ये पकच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स भरलं, टीव्हीवर तिच्याभोवती निळा उजेड पाडला आणि जोरात मारली की मागं लाल शेपूट. बघणारेच वैतागले, दोन-तीन वर्षांत गुंडाळावं लागलं. मी तर मुंग्या येणाऱ्या टीव्हीवर शिकलोय. हजार ठिपक्यांत जो पळतो तो पक. तेही जमत नसेल तर गोलकीपरचे गुडघे बघावेत.

‘मिनिटभर खेळतात आणि बसतात.’ डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा गडी बघितलाय ना? त्याला म्हणा, पळतच चढ आणि वीस मिनिटं थांबू नको. पुढचा मुद्दा.

‘थंडीत कुडकुडणाऱ्या देशांचा प्रकार.’ एनएचएल म्हणजे अमेरिका-कॅनडातली आइस हॉकीची मोठी लीग, तिचा स्टॅनले कप २०२० ते २०२५ या सहा वर्षांत कुणी नेला? टँपा बेनं दोनदा, फ्लोरिडा पँथर्सनं दोनदा (दोन्ही संघ उकाड्याच्या फ्लोरिडातले), लास वेगासनं एकदा. उरला एक, तो कोलोराडोनं. यातलं वेगास भर वाळवंटात आहे. जुलै २०२४ मध्ये तिथं पारा ४८.९ ला टेकला होता. आणि ज्या कॅनडाचा हा खेळ, तिथं १९९३ ला माँट्रियलनं कप उचलला, त्यानंतर २०२५ पर्यंत तिथल्या एकाही संघाला तो मिळाला नाही.

फायनल जूनमध्ये होते. आपल्याकडं तेव्हा पहाट असते आणि सगळे मृगाची वाट बघत असतात. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली पिट्सबर्ग-सॅन होजे फायनल मला पाठ आहे. दोन पिरियडच्या, म्हणजे खेळाच्या भागांच्या, मधे झांबोनी नावाची गाडी निघते. बैलगाडीच्या चालीनं फिरत बर्फ खरवडते आणि मागं गरम पाण्याचा पातळ थर सोडत जाते. आई टँकरसाठी घागरी मांडून आत आली आणि दारातच थांबली. ‘ह्यो गडी पाणी सांडलालाय की रे!’ मी म्हटलं, गोठतंय ते, त्याचाच बर्फ होतो. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, झांबोनीवाल्याला एक ठेवणीतली शिवी दिली आणि मॅच संपेपर्यंत तिथंच बसून राहिली.

‘मातीशी संबंध शून्य.’ आपल्या काळ्या रानाशी नसेल. पण लडाख आपलंच ना? तिथल्या पोरी गोठलेल्या तळ्यांवर खेळत मोठ्या झाल्या आणि २०२५ च्या आशिया कपात भारताच्या महिलांनी कांस्य आणलं, तेही अमिरातीतून. कॅनडात तर पंजाबीतून कॉमेंट्री होते. हरनारायण सिंग पकला टिक्की म्हणतात. मराठीत आलीच कॉमेंट्री तर आपण चांदकी म्हणू. लेकरांसाठी थापलेली भाकर, आकार साधारण तोच.

राहिलं डोकं. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरांटोत लीफ्सविरुद्ध खेळताना कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले. अशा वेळी तेव्हा गावातला राखीव गोलकीपर उतरवायचे. उतरला डेव्हिड एअर्स, वय ४२, झांबोनी चालवलेला माणूस, आईच्या किडनीवर जगणारा. पहिले दोन फटके आत गेले, पुढचे आठही त्यानं अडवले. माझे लीफ्स स्वतःच्या घरात ६-३ हरले. म्हातारी माणसं बहात्तरचा दुष्काळ सांगतात. लीफ्सनी शेवटचा कप जिंकला १९६७ मध्ये, म्हणजे हा दुष्काळ त्याच्याही पाच वर्षं आधीचा.

तरी २०१३ चं सांगतोच. मे महिना, बोस्टनविरुद्ध सातवी मॅच, तिसऱ्या पिरियडमध्ये लीफ्स ४-१ पुढं. तेवढ्यात लाईट गेली. मी निवांत दात घासले आणि दाजींना फोन करून उठवलं, जिंकलो म्हणून. तासाभरानं लाईट आली. बोस्टननं मधे एक गोल केला होता, मग शेवटच्या दीड मिनिटात, एकतीस सेकंदांच्या अंतरानं, आणखी दोन मारून ४-४ केले होते आणि जादा वेळेत पाचवा. पडद्यावर काळे-पिवळे सदरे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते.

साडेनऊला दाजी दारात हजर, हातात पावशेर पेढे.