पांढऱ्यांचं राजकारण

चित्रकाराचं अडतं ते प्रेरणेपाशी, असं चित्र न काढणाऱ्यांना वाटतं. प्रेरणेचं काय, ती आंघोळ करतानाही येते. अडतं ते पांढऱ्या रंगापाशी.

पांढरा म्हणजे पांढरा, त्यात निवडायचं काय, असं घरच्यांचं म्हणणं. त्यांना तैलरंगातल्या पांढऱ्यांचं राजकारण ठाऊक नाही. लेड व्हाइटचा थर लवचिक होतो, लवकर वाळतो, पण तो विषारी. झिंक व्हाइट स्वभावाने सौम्य, जरा पारदर्शक; मात्र तेलात काही वर्षांनी ठिसूळ होतो आणि भेगा पाडतो. टायटॅनियम व्हाइट काहीही झाकतो, चुकून चांगला जमलेला भागसुद्धा, आणि कुठल्याही रंगात मिसळला की त्या रंगाचं तेज घालवून बसतो. थोडक्यात, एक मारणार, एक मोडणार आणि एक गिळणार. यातला एक आपण हौसेने घरी आणायचा.

रंगीत रंगांची गोष्ट तर विचारूच नका. ट्यूबच्या पुढच्या बाजूचं नाव कवीने ठेवलेलं असतं, मागच्या बाजूचा रंगद्रव्याचा कोड कारकुनाने. माझा विश्वास कारकुनावर. पुढे 'सागरनील' असो, 'सांध्यनील' असो की आणखी काही. मागे बारीक अक्षरात 'पीबी २९' असेल, तर आत अल्ट्रामरीनच आहे आणि आपण एकच निळा तीन वेशांत विकत घेत आहोत. नावामागे 'ह्यू' असं शेपूट दिसलं तर आणखी सावध व्हायचं. 'कॅडमियम यलो ह्यू'मध्ये कॅडमियम नसतं, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा पिवळा असतो. हे सगळं वाचायला भिंग लागतं. मी भिंग काढलं की दुकानदार माझ्याकडे आयकर अधिकाऱ्याकडे पाहावं तसा पाहतो.

जुन्या चित्रकारांचा मला हेवा वाटतो तो इथे. त्यांना हा अल्ट्रामरीन निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्द दगडातून मिळायचा आणि तो इतका महाग की निवडीचा प्रश्नच नसे. परवडला तर घ्यायचा. तो कृत्रिम रीतीने स्वस्तात बनवणाऱ्यासाठी १८२४ साली फ्रान्समधल्या एका संस्थेने ६,००० फ्रँकचं बक्षीस लावलं आणि १८२८ साली ते झां-बातिस्त गिमेने मिळवलं. मग १८४१ साली जॉन गॉफ रँड या चित्रकाराने दाबून रंग काढायच्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत मिळत. पिशवीला टाचणीने भोक पाडा आणि रंगवा. मागची बाजू नाही, बारीक अक्षरं नाहीत. या दोघा सज्जनांनी आमचं कल्याण केलं आणि आम्हाला शेल्फापुढे ताटकळत उभं केलं.

ब्रश ही त्याहून वरची परीक्षा. जलरंगासाठी कोलिन्स्की सर्वोत्तम, म्हणजे सायबेरियातल्या एका मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीचे केस. 'कॅमल हेअर' ब्रशात मात्र उंट नसतो. खार, घोडा, बकरी यांपैकी जे हाती लागेल ते असतं. नंबर पाहून घ्यावा तर एका कंपनीचा आठ हा दुसरीच्या सहाएवढा. आणि टोक? दुकानातला प्रत्येक नवा ब्रश डिंक लावून बसवलेला असतो, त्यामुळे तो टोकदार दिसणारच. खरं रूप कळतं ते डिंक धुऊन, पाण्यात बुडवून, मनगटाने एक झटका दिल्यावर. केस एकत्र येऊन टोक धरलं तर घ्यायचा, विस्कटला तर ठेवून द्यायचा. म्हणून मी दुकानात पाणी मागतो. ते मला प्यायला पाणी देतात. त्यात मी ब्रश बुडवतो. पुढचं संभाषण सांगत नाही.

कागदाची परीक्षा त्याहून लाजिरवाणी. चांगल्या जलरंगी कागदाला सायझिंग, म्हणजे जिलेटिनसारख्या द्रव्याचा संस्कार, असतो, म्हणून रंग पृष्ठभागावर थांबतो, ब्लॉटिंग पेपरसारखा शोषला जात नाही. हे तपासायला काही जुने जाणकार कागदाच्या कोपऱ्याला जीभ लावतात. जीभ चिकटली तर सायझिंग कमी. शास्त्र म्हणून मला हे मान्य आहे. दुकानात, लोकांसमोर, मान्य नाही.

तैलरंगाकडे वळलो तर वस्तू एकमेकींचा हात धरूनच येतात. तेल थेट कोऱ्या कॅनव्हासला लागलं तर कापड कुजतं, म्हणून आधी सरस. सरसावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पायाचा थर. मग रंग, रंगात जवसाचं तेल, तेल पातळ करायला टर्पेंटाइन. पुसायला चिंध्या. जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. त्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. म्हणून झाकणाचा पत्र्याचा डबा आणि त्यात पाणी. हे मी घरी तपशीलवार समजावून सांगितलं. "म्हणजे चित्र होवो न होवो, घर पेटू शकतं," असा त्याचा सारांश बायकोने काढला. मी जलरंगाकडे परतलो.

जाणकारांना विचारावं, तर प्रत्येकजण उलट विचारतो, "काढायचं काय आहे?" अहो, तेच तर सामान पाहून ठरवायचं होतं!

अखेर १०० टक्के कापसाचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत, कागद आणला. तो इतका देखणा निघाला की त्यावर रंग टाकायची छाती होईना. म्हणून तो कपाटात ठेवून सराव लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर. स्वस्त कागद पाण्याने फुगतो आणि वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या सलग हाताला, डाग पाडतो. त्यामुळे जो सराव होतो तो स्वस्त कागदाशी भांडण्याचा होतो. चांगल्या कागदावर त्याचा उपयोग शून्य. एका चित्रकार मित्राने यावर तोडगा सुचवला, मधल्या प्रतीचा घे. तर मधल्या प्रतीत २५ टक्के कापसाचा घ्यायचा की ५० टक्के, यावर सध्या घरात मतभेद आहेत. घरच्यांचं मत शून्य टक्के असं आहे.