एक स्टार देणाऱ्या ताईंना दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना राग आला, दुसऱ्यांदा वाचताना कमी आला. जूनच्या शेवटी आमच्याकडून २,२०० रुपयांची कोल्हापुरी नेलीत, ठाण्यात ऑफिसला घालायला लागलात. आधी लिफ्टसमोरच्या ओल्या फरशीवर पाय सटकला. मग एका संध्याकाळी चप्पल चिंब भिजली, तळ फुगला, टाचेचे थर उकलले, आणि कपाटात ठेवली तर पांढरी बुरशी धरली. फोन केलात तेव्हा आमच्या माणसानं ‘लेदर आहे, पाण्यात घालायची नसते’ एवढं सांगून फोन ठेवला. तुमचं म्हणणं असं की लेदर नकली आहे, आणि स्टेशनबाहेरची ४०० रुपयांची रबरी तळाची चप्पल याच्यापेक्षा शंभरपट बरी.

आधी फोनबद्दल माफी मागतो. ते वाक्य चुकीचं नव्हतं, पण ते काउंटरवर, पैसे घेण्याआधी सांगायला पाहिजे होतं. जूनमध्ये मुंबईकडचं गिऱ्हाईक चामडी तळाची चप्पल मागतं, तेव्हा ‘कुठं घालणार?’ हे विचारणं आमचं काम. ते झालं नाही. इथं कोल्हापुरात चप्पल लाईनवर शेंबडं पोरही जाणतं की मृग लागला की चामड्याची चप्पल माळ्यावर जाते आणि दसऱ्याच्या आसपास खाली येते. आम्हाला ते इतकं सवयीचं झालंय की दुसऱ्याला सांगायचं राहून जातं.

नकलीचा मुद्दा मात्र मान्य नाही. तळ फुगला हाच तो प्लॅस्टिकचा नसल्याचा पुरावा आहे. प्लॅस्टिक फुगत नाही. (तुमच्या भिजलेल्या पायाला या पुराव्याचं काय कौतुक, ते कळतं मला.) आमचा तळ म्हशीच्या कातड्याचा. ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि थर एकमेकांना चामड्याच्याच वादीनं, म्हणजे बारीक पट्टीनं, शिवतात, खिळा नसतो. असं कातडं पाणी पितं. घामही पितं, म्हणून एप्रिलच्या उन्हात पाय चिकचिकत नाही आणि महिन्याभरात तळावर तुमच्याच पायाचा साचा उमटतो. एकच गुण आहे, उन्हाळ्यात तो सुख देतो आणि पावसाळ्यात घात करतो. भिजल्यावर कातड्यातले तंतू फुगतात, थर एकमेकांवर सरकतात, वादी सैल पडते. त्यात कोणी उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली वाळवली तर कातडं आखडून तडकतं. सावलीत, उभी टेकवून, दोन दिवस वाळू द्यायची. बुरशी कोरड्या फडक्यानं पुसायची आणि मग थोडं तेल लावायचं.

घसरण्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. नवा चामडी तळ घोटीव असतो. मातीच्या, खडीच्या रस्त्यावर आठवडाभर घासला की थोडा खरबरीत होतो, पण ओल्या गुळगुळीत टाइल्सवर तेवढ्यानं भागत नाही. ही चप्पल घडली तेव्हा ऑफिसांना अशा फरश्या नव्हत्या.

मग रबरच का लावत नाही, असं तुम्ही विचारलंय. लावतो. पण ‘रबरी तळ’ म्हणजे एकच वस्तू नव्हे. ४०० रुपयांवाली बहुधा पीव्हीसीची, म्हणजे एका प्लॅस्टिकची असते. ती पाणी पीत नाही, म्हणून तीन पावसाळे टिकते, हे खरंच आहे. घामही पीत नाही, आणि ओल्या फरशीवर पीव्हीसीही चांगलंच घसरतं, एकदा सांभाळून बघा. ट्रकच्या टायरचा तळ आमच्याकडचे शेतकरी वापरतात, काटा आत शिरत नाही, झिजता झिजत नाही. पण तो लोकलच्या गर्दीत दिवसभर ओढायचा म्हणजे पिंडऱ्या भरून येतील. ईव्हीए, म्हणजे फोमसारख्या प्लॅस्टिकचा तळ, कापसासारखा हलका, मात्र काही महिन्यांत टाचेखाली दबून जातो. मऊ रबर फरशी धरतं आणि लवकर झिजतं, कडक रबर टिकतं आणि सटकतं. दोन्ही गुण पुरेपूर देणारा तळ मला तरी अजून कोणी विकलेला नाही.

पीयूनं, म्हणजे पॉलियुरेथेन या फोमसारख्या प्लॅस्टिकनं, तर आम्हाला चांगलाच धडा शिकवलाय. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराच्या नादानं आम्ही पीयू सोलचा एक लॉट बनवला. हलका, गुबगुबीत, गिऱ्हाईक हात लावताच खूश. उरलेले जोड खोक्यात राहिले. तिसऱ्या वर्षी खोकं उघडलं तर तळ शिळ्या भाकरीसारखा कुस्करत होता, एकदाही पायात न घालता. हवेतला दमटपणा त्या पीयूला आतून तोडत जातो, आणि न वापरता ठेवलं म्हणून तो वाचत नाही. लग्नात घेतलेला बूट चार वर्षांनी कपाटातून काढला आणि हॉलच्या दारातच सोल गळून पडला, असं ऐकलं असेल तुम्ही. तेच हे. तो माल आम्ही फेकला, पण त्याआधी विकलेल्या जोडांचं काय झालं असेल हा विचार अजून टोचतो.

आता आम्ही पावसाळ्यासाठी मायक्रो शीट लावतो, म्हणजे आत बारीक, बंद छिद्रं असलेलं रबर. मधुमेही आणि कुष्ठरोगी रुग्णांच्या चपलांत आत पायाखाली घालतात त्याच जातीचं, फक्त आमचं त्याहून कडक. तेलकट कातड्यावर चिकटवायचं सोल्युशन धरत नाही, म्हणून आधी कातडं खरवडून घ्यावं लागतं आणि वर कडेनं शिलाई मारावी लागते. नुसतं चिकटवलेलं पहिल्याच पावसात जबडा उघडतं. असा जोड थोडा जड होतो, खालून हवा खेळत नाही, आणि त्याला आम्ही पारंपरिक म्हणत नाही. २०१९ साली कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन मिळालं, ते चामड्याच्या हातशिलाईच्या चपलेचं आहे. रबर लावून तेच नाव सांगत फिरणं मला पटत नाही. मात्र तुमच्या कामाला हाच जोड बरा, हेही तितकंच खरं.

पूर्ण पैसे परत करणार नाही, कारण वरचे पट्टे आणि अंगठा शाबूत आहेत, ते फोटोत दिसतंय. चप्पल कुरिअरनं पाठवा, दोन्ही बाजूंचा खर्च आमचा. उकललेले थर काढून नवे घालू, वादी नव्यानं ओवू, आणि तुम्ही म्हणाल तर खाली मायक्रो लावू. त्याचे पैसे नाहीत. ऑफिसच्या चपलेचा नादच सोडायचा असेल तर मायक्रो लावू नका. नुसती दुरुस्त करून देतो, दिवाळीत साडीवर घाला. पार्सलमध्ये चिठ्ठी टाकून दोनपैकी काय ते लिहा. पूर्ण वाळल्याशिवाय पॅक करू नका, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, वर्तमानपत्रात गुंडाळा.