झेलर भित्रा होता? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जर्मन फुटबॉलपटू उवे झेलरवरचा माझा लेख तुम्ही इतका बारकाईने वाचलात, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की त्याने विश्वचषक कधी जिंकला नाही, त्याच्याच जर्मन संघातला गेर्ड म्युलर त्याच्याहून कितीतरी मोठा गोलवीर होता, आणि हाम्बुर्ग शहरातला आपला क्लब सोडण्याची हिंमत नसलेल्या माणसाला लोकांनी उगाच देव्हाऱ्यात बसवलं. शिवाय त्याच क्लबचा अध्यक्ष म्हणून त्याची कारकीर्द फसली, ते मी गाळलं.

शेवटचं आधी. ते मी लिहायला हवं होतं. १९९५ ते १९९८ या काळात तो अध्यक्ष होता आणि क्लबमधल्या आर्थिक वादानंतर पायउतार झाला. म्युलरबद्दलही वाद नाही: म्युलरचे ६२ आंतरराष्ट्रीय सामन्यांत ६८ गोल, झेलरचे ७२ सामन्यांत ४३.

पण हिंमत नव्हती, हे मला अजिबात पटत नाही. १९६१ साली इटलीतल्या इंटर मिलान क्लबचा प्रशिक्षक एलेनिओ एरेरा त्याला न्यायला स्वतः हाम्बुर्गला आला होता. बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची राष्ट्रीय लीग, तेव्हा सुरूही झाली नव्हती, जर्मन खेळाडू पोटासाठी दुसरं काम करत. झेलर आदिदासचा विक्री प्रतिनिधी होता, बूट विकत उत्तर जर्मनीभर फिरायचा. इटलीतला पैसा त्याच्या कमाईच्या कितीतरी पट होता. चोवीस वर्षांच्या त्या मुलाने नकार दिला आणि पुन्हा दुकानं फिरायला लागला.

आणि १९६५? फेब्रुवारीत त्याच्या टाचेची शीर तुटली. त्या काळी या दुखापतीनंतर अनेकांचं खेळणं कायमचं थांबायचं. सप्टेंबरात तो स्टॉकहोमला स्वीडनविरुद्ध उतरला, पुढच्या विश्वचषकाचं तिकीट ठरवणाऱ्या सामन्यात, आणि विजयी गोल त्यानेच मारला. भित्रा माणूस त्या पायाने असं खेळत नाही हो.

म्युलरचं नाव तुम्ही काढलंत, तर १९७० चा मेक्सिको विश्वचषक आठवा. संघात दोन गोलवीर, एकाच जागेचे. तेहतीस वर्षांचा कर्णधार झेलर थोडा मागे सरकला आणि पुढची जागा म्युलरला दिली. म्युलरने त्या स्पर्धेत १० गोल केले. तिथल्या लिऑन शहरात इंग्लंड २-० ने पुढे असताना संघातल्या बेकेनबाउअरने एक गोल फेडला, आणि बरोबरीचा गोल झेलरने केला, तोही गोलकडे पाठ असताना, डोक्याच्या मागच्या बाजूने. मग जादा वेळेत म्युलरने सामना जिंकून दिला. त्या दोघांना तराजूत घालावंसं मला म्हणूनच वाटत नाही.

हाम्बुर्गचे लोक त्याला ‘उन्स उवे’ म्हणतात. ही तिकडची उत्तरेकडची बोली, अर्थ ‘आपला उवे’. त्याचे वडील बंदरात काम करायचे आणि याच क्लबकडून खेळायचे. पोरगं डोळ्यांदेखत वाढलेलं. १९६० चं राष्ट्रीय विजेतेपद, १९६३ च्या जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यातले तिन्ही गोल, बुंडेसलिगाच्या पहिल्याच मोसमात सर्वाधिक ३० गोल, हे सगळं त्याने त्यांच्याच क्लबसाठी केलं. ‘आपला’ हा शब्द विश्वचषक जिंकून मिळत नाही. स्टेडियमबाहेर त्याच्या उजव्या पावलाचं कांस्यशिल्प आहे, माणसाहून कितीतरी मोठं.

२०१८ मध्ये क्लब पहिल्यांदाच दुसऱ्या श्रेणीत घसरला. जुलै २०२२ मध्ये झेलर गेला, तेव्हाही क्लब तिथेच होता. २०२५ मध्ये क्लब वर आला.