गाडी चालतेय, मग तुम्ही का चालताय?

तीन आठवडे झाले, मी ऑफिसला चालत जातो. कर्वे पुतळा ते डेक्कन, चारेक किलोमीटर. कारनं चाळीस मिनिटं, पायी पन्नास. कारण विचाराल तर एवढंच, की एका सोमवारी पौड फाट्याला मी काचा वर करून बसलो होतो आणि डावीकडून एक आजी मेथीची जुडी सांभाळत मला मागे टाकून गेल्या. नळस्टॉपलाही त्याच पुढे.

मला वाटलं होतं पाय दुखतील. पाय मजेत आहेत. दुखतंय ते लोकांचं.

परवा आमच्या बी विंगमधल्या काकांनी मला नळस्टॉपच्या अलीकडे गाठलं. स्कूटर सरळ फुटपाथवर घेतली. रस्त्यावर थांबलं की मागचे हॉर्न मारतात म्हणे.

"पायी?"

"हो."

"गाडी बिघडली?"

"नाही हो, चांगली चालतेय."

"गाडी चालतेय, मग तुम्ही का चालताय?"

याला उत्तर नव्हतं. काकांनी ते स्वतःच शोधायला घेतलं.

"शुगर निघाली?"

"तपासली नाही."

"तपासा. एवढं चालताय म्हणजे असणार." मग आवाज खाली आणून, म्हणजे बसस्टॉपवरच्या सगळ्यांना नीट ऐकू जाईल इतपत, "हप्ते-बिप्ते थकले का? संकोच करू नका. आमच्या साडूंचीही बँकवाल्यांनी ओढून नेली होती."

माझं कर्ज फिटून चार वर्षं झाली. हे मी बसस्टॉपकडे तोंड करून सांगितलं. कोणाचा विश्वास बसला नाही. एका बाईंनी तर सरकून बाकावर जागा केली.

"मेट्रो आहे की मग!" काका म्हणाले. आहे ना. मार्च २०२२ पासून डोक्यावरून धावतेय. पण ती येते पौड रोडनं. आमच्याकडून नळस्टॉपपर्यंत चालत यायचं, जिना चढायचा, पिशवी तपासून घ्यायची आणि दुसऱ्या स्टेशनला उतरायचं. त्यापेक्षा ती मेथीवाली आजी बरी.

"बसा मागे."

"नको, काका."

काका दुखावले, पण गेले नाहीत. एक पाय जमिनीवर घासत माझ्या शेजारून चालू लागले. तोवर 'कोणीतरी जातंय म्हणजे वाट असणार' या न्यायानं मागून आणखी दोन स्कूटर वर चढल्या. त्यातल्या एकानं हॉर्न दिला. मला. "ओ अंकल, साइडला व्हा ना!" मी साइडला झालो, तो नेमका उखडलेल्या पेव्हिंग ब्लॉकवर. खाली साठलेल्या पाण्याची पिचकारी उडाली ती गुडघ्यापर्यंत. एकाच पायावर. दिवसभर ऑफिसात मी तो पाय टेबलाखाली ठेवून बसलो.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की फुटपाथ हा पादचाऱ्याचा घटनेच्या कलम २१ मधला हक्क आहे. जगण्याचा हक्क. आमच्या वाटेवर कलम २१ वर एक वडापावची गाडी आहे, पुढे महावितरणची डीपी आणि तिला टेकून कोणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स. वडापाववाल्याचं मी समजू शकतो, त्याला पोट आहे. पण फुटपाथवरून स्कूटर घालणाऱ्याला मीच अडथळा वाटावा, आणि सरकून वर 'सॉरी'ही मीच म्हणावं? म्हटलं मी. अजून राग येतोय.

काकांनी निघताना शेवटचं विचारलं, "मग तुमचं पार्किंग रिकामंच असतं की काय?"

हे मला तेव्हा समजलं नाही. काल संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, तेव्हा समजलं. गाडी वापरात नसेल तर शेडखालची जागा बी विंगमधल्या एका गरजू सभासदाला द्याल का? त्यांच्या जावयाची नवी एसयूव्ही यायची आहे.

जेवण अर्धं टाकून मी खाली गेलो. गाडी काढायची, सगळ्या विंगांना दिसेल अशा दोन फेऱ्या मारायच्या, पुन्हा तिथंच लावायची. चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. तीन आठवड्यांत बॅटरी बसली होती.

बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर दिवा लागला.

"धक्का मारू का हो?" वरून आवाज आला.