अल्ब्युमिन राहू द्या, आधी पट्टा विचारा

"मॅडम, अल्ब्युमिन 2.1 आलंय, प्रोटीन वाढवा ना." आयसीयूत आहारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या कुणालाही हे वाक्य पाठ असेल. मला तर आताशा रागही येत नाही.

अहो, अल्ब्युमिन हे यकृतात बनणारं रक्तातलं प्रथिन; ते कमी आलं तरी तो कुपोषणाचा आकडाच नाही! अंगात सूज-दाह पेटला की यकृत अल्ब्युमिन मागे ठेवून सीआरपी हे दाहात वाढणारं प्रथिन बनवायला धावतं. असलेलं अल्ब्युमिन रक्तवाहिन्यांतून बाहेर पाझरतं आणि उरलेलं आपण सलाइन चढवून पातळ करतो. परवापर्यंत दोन्ही वेळ पोटभर जेवणाऱ्या माणसाचंही सेप्सिसमध्ये, म्हणजे गंभीर संसर्ग अंगभर भिनला की, ते घसरतं. अमेरिकेतल्या ॲस्पेन या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेनेही लेखी सांगितलंय, की अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन पोषण मोजत नाहीत, दाह दाखवतात. तरी राउंडला तेच.

वजनाची तीच गत. शॉकमध्ये, म्हणजे रक्तदाब कोसळल्यावर, शिरेतून चार-पाच लिटर द्रव गेलं आणि लघवी अडली, की काटा चार-पाच किलो जास्त दाखवणार. वाढलं ते पाणी. खाली स्नायू झडतच असतात. 2013 मधल्या एका अभ्यासात दहा दिवसांत मांडीच्या स्नायूचा छेद जवळपास 18 टक्क्यांनी घटलेला दिसला होता.

मग स्कोअर? आयसीयूत पोषणाचा धोका मोजणाऱ्या न्यूट्रिक स्कोअरमध्ये वय, अपाची आणि सोफा हे आजाराच्या तीव्रतेचे आकडे, जुने आजार, आयसीयूत येण्याआधीचे हॉस्पिटलातले दिवस, सगळं आहे. फक्त पेशंट काय आणि किती खात होता, हे नाही. (नाव मात्र न्यूट्रिक!)

मी आधी कानशिलावर बोटं फिरवते, स्नायू झडून खळगा पडलाय का ते बघायला. मग गळ्याचं हाड, मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग. पाय सुजलेले असतात, त्यांच्यावर भरवसा नाही. त्यानंतर बाहेर जाऊन नातेवाइकांना गाठते. "वजन कमी झालंय का?" विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. "कपडे सैल झाले होते का? ताटात टाकायला लागले होते का?" म्हटलं की सगळं बाहेर येतं.

असेच एक आजोबा. बीएमआय 27, म्हणजे उंचीच्या मानाने वजन जास्तच, आणि फाइलवर शेरा 'पोषण समाधानकारक'. मुलगी म्हणाली, "दोन महिन्यांत बाबांच्या पट्ट्याला दोनदा नवीन भोक पाडलं. जेवण तर चार घासांवर आलं होतं." अशा उपाशी शरीरात एकदम पूर्ण फीड (नळीतून दिलं जाणारं अन्न) सोडलं की इन्शुलिन वाढतं, फॉस्फेट हा क्षार पेशींत ओढला जातो आणि रक्तातलं त्याचं प्रमाण कोसळतं. हृदयाची लय बिघडू शकते, श्वासाचे स्नायू दमतात, व्हेंटिलेटर सुटत नाही. म्हणून थायमिन (बी1 जीवनसत्त्व) दिलं, फीड अगदी कमी दराने सुरू करायला लावलं, फॉस्फेट रोज तपासलं. तिसऱ्या दिवशी ते घसरलंच, पण आम्ही वाटच बघत होतो. लगेच भरून काढलं.

आजोबा वॉर्डात गेले. फाइलवरचा शेरा डिस्चार्जपर्यंत तसाच होता.